चौदा गाड्या आणि ओबरयोखचा घाट: जर्मनीतल्या एका क्लासिक कार सफरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकीगत श्टुटगार्टजवळच्या एका लहानशा क्लबची आहे. जुन्या स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्या माणसांचा हा क्लब, आणि मी काही वर्षांपासून त्याचा सभासद आहे. कुणाची ओळख लागू नये म्हणून नावं गाळली आहेत, आणि ज्या गाडीपाशी सगळं अडलं तिचं मॉडेलही सांगत नाही. तिला आठ नंबर म्हणू.

जूनमधली पाच दिवसांची सफर होती, गुरुवार ते सोमवार. १४ गाड्या, २७ माणसं. पहिल्या दिवशी फोर्त्सहाइम, माउलब्रॉनचा मठ आणि मुक्काम बाडेन-बाडेनला. दुसऱ्या दिवशी ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून जाणारा बी५०० रस्ता धरून फ्रॉयडेनश्टाट आणि पुढे टिटिझे. तिसऱ्या दिवशी बोडेनझे सरोवराच्या काठाने मेअर्सबुर्ग, लिंडाउ. चौथ्या दिवशी लिंडाउहून जर्मन आल्प्स रस्त्याने ओबरयोखचा घाट चढून फ्युसेन. पाचव्या दिवशी घर.

गाड्यांमध्ये एक एमजी टीडी होती, १,२५० सीसीची, साठ हॉर्सपॉवरच्या आतली. एक जॅग्वार ई-टाइप होती, तिच्या चौपटीहून जास्त ताकदीची. या दोघींच्या मधे पोर्शे ३५६, दोन ट्रायम्फ टीआर६, एक ऑस्टिन-हीली ३०००, एक मर्सिडीज १९० एसएल वगैरे मंडळी. आमची १९७३ ची एमजीबी जीटी सगळ्यात शेवटी. सायकल शर्यतीत मागे राहिलेल्यांना गोळा करत येणाऱ्या गाडीला जर्मनीत ‘बेझेनवागन’ म्हणतात, म्हणजे झाडूची गाडी. आमच्या क्लबातही शेवटच्या गाडीचं तेच नाव आहे, आणि या वेळी ते काम माझ्याकडे होतं. मागची डिकी हत्यारांनी भरलेली. शेजारी बायको, मांडीवर रोडबुक, म्हणजे वाटेची वळणं लिहिलेलं पुस्तक, आणि हातात वही. कुठली गाडी कुठे थांबली, किती वाजता निघाली, हे ती लिहून ठेवायची. पुढे ही वहीच कामाला आली.

पहिल्या दिवसाबद्दल एवढंच सांगतो की आम्ही बाउश्लॉट गावातून गेलो. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा याच गावातल्या चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. त्या गावात आम्ही सगळे गाड्यांतून उतरून उभे राहिलो. पेट्रोलची नळी हा विषय तीन दिवसांनी आमच्याच गळ्यात पडणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

अडचण: एक लांब रांग

सफरीचा आराखडा एका गृहीतावर उभा होता. १४ गाड्या एकामागे एक चालतील, अध्यक्ष पुढे, मी मागे. सगळ्यांना ते हवंही होतं. जुन्या गाड्यांची रांग वळणावळणाने जाताना मागून बघायला फार सुंदर दिसते. मी शेवटी असल्याने ते दृश्य सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला आलं, त्यामुळे त्या इच्छेला मी नावं ठेवणार नाही.

पण जरा हिशोब करू. जर्मनीत ड्रायव्हिंग शिकवताना सांगतात, स्पीडोमीटरवरच्या आकड्याच्या निम्मे मीटर अंतर पुढच्या गाडीपासून ठेवा. ताशी ८० ला ४० मीटर. १४ गाड्यांमध्ये अशा १३ फटी, म्हणजे ५२० मीटर, आणि गाड्यांची स्वतःची लांबी धरून रांग सुमारे ५७५ मीटर. मागून ताशी १०० ने येणारा स्थानिक माणूस ही पूर्ण रांग ओलांडायला गेला तर त्याला दीड मिनिटाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो जवळपास तीन किलोमीटर पुढे जातो. ब्लॅक फॉरेस्टमध्ये तीन किलोमीटर सरळ, मोकळा रस्ता कुठून आणायचा? मग तो मधेच कुठेतरी घुसतो.

शुक्रवारी नेमकं तेच झालं. बाडेन-बाडेन ते फ्रॉयडेनश्टाट हा बी५०० चा पट्टा साधारण ६० किलोमीटरचा. मुमेलझे तळं १,००० मीटरहून उंचावर आहे, तिथल्या पार्किंगमधून निघताना रांग आधीच तुटली. पहिल्या पाच गाड्या निघून गेल्या, सहावी एका बसमागे अडकली. बस वळल्यावर सहाव्या गाडीने पुढच्यांना गाठायला वेग वाढवला, तिच्यामागे सातवी, तिच्यामागे आठवी. इतक्यात मागून आलेली एक फॅमिली कार ओव्हरटेक करत सुटली. समोरून मोटरसायकल आली. ती कार सहा आणि सात नंबरच्या मधे घुसली, सातने ब्रेक दाबले, आणि आठ नंबरचे चारही ब्रेक ड्रमचे असल्याने ती वेळेत थांबेना, म्हणून तिच्या मालकांनी ती उजवीकडे गवतात घातली. कुणाला लागलं नाही, कुठल्या गाडीला ओरखडाही नाही. मी पोचलो तेव्हा आठ नंबरची उजवी चाकं गवतात होती आणि ७४ वर्षांचे तिचे मालक दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते. इंजिन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

टिटिझेची रात्र: कोणते पर्याय होते

त्या संध्याकाळी जेवणाआधी बैठक झाली. अध्यक्षांनी स्वतः विषय काढला, ही मोठी गोष्ट. पाच पर्याय टेबलावर आले.

एकाचं म्हणणं, आपण अधिकृत ताफाच होऊ. जर्मन वाहतूक नियमांत ‘बंद ताफा’ ही सोय आहे. पूर्ण ताफ्याला नियम एका वाहनासारखे लागू होतात, म्हणजे पहिली गाडी हिरव्या सिग्नलला निघाली की मागच्या सगळ्या जाऊ शकतात. पण त्यासाठी प्रत्येक गाडीवर ताफ्याची ओळखू येईल अशी खूण लागते, ताफा लांब असेल तर इतरांसाठी मधे फटी सोडाव्या लागतात, आणि इतर रहदारीला अडथळा होण्याइतका तो मोठा असेल तर आधी परवानगी काढावी लागते. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. इथे एक गैरसमजही उघड झाला. तिघा-चौघांना खरोखर वाटत होतं की क्लबचा स्टिकर काचेवर लावला म्हणजे आपण ताफा झालो, आणि त्या भरवशावर एकजण पहिल्या दिवशी लाल सिग्नल ओलांडून आला होता.

दुसरा पर्याय, वॉकी-टॉकी. प्रत्येक गाडीत एक, शेजारी बसलेल्याच्या हातात. पण एक माणूस एकटाच आला होता, आठ नंबरवाला, आणि डोंगरात आठ-दहा वळणांपलीकडे आवाज पोचत नाही.

तिसरा, सगळ्यात सावकाश गाडी सगळ्यात पुढे. रांग तुटत नाही हे खरं. पण ई-टाइपवाल्याला टीडीच्या मागे पाच दिवस दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढायला लावलं तर इंजिन तापणार आणि डोकंही. शिवाय मूळ प्रश्न, म्हणजे ५७५ मीटर लांबीची रांग, तसाच राहतो.

चौथा, प्रत्येकाने रोडबुक घेऊन आपापलं जायचं, जेवायला भेटायचं. सुरक्षित खरा, पण एकटं येणाऱ्याला एकटंच ठेवणारा.

पाचवा माझ्या बायकोने मांडला. तीन-चार गाड्यांचे गट करायचे, प्रत्येक गट दहा मिनिटांच्या अंतराने सोडायचा, गटात सावकाश गाडी पुढे. आणि एक नियम: रस्ता जिथे वळतो तिथे वळल्यावर सुरक्षित जागी थांबायचं, मागचा दिसला की मगच निघायचं. म्हणजे प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एका गाडीची काळजी घ्यायची, पुढच्याला गाठण्याची नाही. ती म्हणाली, “आज प्रत्येकजण पुढच्याकडे बघत होता. पुढचा दिसेनासा झाला की माणूस घाबरतो आणि पाय दाबतो. मागचा दिसेनासा झाला की तो पाय काढतो.”

मला हा त्या पूर्ण सफरीतला सगळ्यात उपयोगी विचार वाटतो. आम्ही लहानपणी सातारहून कोकणात लग्नाला तीन जीप आणि एक फियाट अशी वरात घेऊन जायचो, तेव्हा बाबा पुढच्या जीपवाल्याला हेच सांगायचे, आरशात आमचा दिवा दिसला पाहिजे. चार गाड्यांच्या गटाची लांबी १४० मीटरच्या आत येते. मागून येणाऱ्याला ती २५ सेकंदांत ओलांडता येते. आणि सावकाश वाहनामागे गर्दी साचली तर योग्य जागी वेग कमी करून किंवा थांबून तिला पुढे जाऊ द्यावं असा जर्मन नियमच आहे. चार गाड्यांना त्यासाठी जागा सापडते, चौदांना सापडत नाही.

काय ठरलं

पाचवा पर्याय घेतला. अध्यक्षांची खंत अशी की मग एकत्र फोटो कुठला. ती खरी होती, म्हणून रोज एका ठिकाणी सगळ्यांनी मुद्दाम जमायचं असं ठरलं. शनिवारी मेअर्सबुर्गच्या किल्ल्याखाली, रविवारी ओबरयोखला माथ्यावर.

खरा पेच गटांची वाटणी होती. मित्रांप्रमाणे करायची की वेगाप्रमाणे? मित्रांप्रमाणे केली तर प्रत्येक गटात पुन्हा तीच ओढाताण. म्हणून वेगाप्रमाणे केली. ४, ४, ३ आणि ३. चौथ्या गटात टीडी, आठ नंबर आणि शेवटी आम्ही. यादी वाचल्यावर आठ नंबरवाले काही बोलले नाहीत, पण त्यांनी रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला आणि खोलीवर निघून गेले. चाळीस वर्षांपूर्वी याच क्लबात ते सगळ्यात पुढे असायचे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. यादी जाहीर करायच्या आधी कुणीतरी त्यांच्याशी एकट्याने बोलायला हवं होतं. मी गटात त्यांच्यामागे असणार होतो, तेव्हा ते काम माझंच होतं.

शनिवार निर्धोक गेला. टिटिझेहून बोडेनझेपर्यंत एकदाही कुणी पुढच्याला गाठायला पळालं नाही. लिंडाउच्या बंदरात सिंह आणि दीपस्तंभासमोर संध्याकाळी सगळ्या जोड्या उन्हात बसून होत्या आणि गटांबद्दल कुरकुर करणारं कुणी नव्हतं.

ओबरयोखचा चढ

रविवारी ऊन कडक होतं. लिंडाउहून ओबरश्टाउफेन, इमेनश्टाट, सॉन्टहोफेन आणि बाड हिंडेलांग. तिथून ओबरयोखपर्यंत बी३०८ डोंगर चढतो, थोड्या किलोमीटरांत शंभराहून जास्त वळणं. तिसऱ्याच मोठ्या वळणावर आठ नंबर गचके खायला लागली. मिसिंग, मग धाप लागल्यासारखी, मग बंद. वळणाच्या आतल्या बाजूला, मागून येणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी.

बायको गाडी थांबायच्या आत पिवळं जॅकेट घालून उतरली आणि धोक्याचा लाल त्रिकोण घेऊन खाली चालत गेली, शंभर मीटर नाही तर त्याहून पुढे, वळणाच्या अलीकडे, कारण वळणानंतर ठेवलेला त्रिकोण कुणाच्या उपयोगाचा नाही. टीडी पुढच्या सुरक्षित जागी थांबली. नियम होता म्हणूनच ती थांबली, आणि चौदाच्या रांगेऐवजी त्या वळणावर फक्त दोन गाड्या उभ्या होत्या. शुक्रवारचा निर्णय इथे खरोखर वाचवून गेला.

मी बॉनेट उघडलं. पेट्रोल पंप इंजिनच्या अंगाला लावलेला, मेकॅनिकल, हात लावला तर चटका बसेल असा. मला क्षणात उत्तर सापडलं. पंपात पेट्रोलची वाफ धरली, म्हणजे गरमीने पेट्रोलची वाफ झाली आणि पंपाला ती पुढे ढकलता येईना. खंबाटकी घाटात बाबांची फियाट अशीच थांबायची, आणि बाबा पंपावर ओलं फडकं ठेवून, बॉनेट उघडं टाकून आम्हाला झाडाखाली बसवायचे. पंधरा मिनिटांत गाडी सुरू. मी बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं आणि पंपावर गुंडाळलं. सांगितलं, थांबा, थंड होऊ दे.

आठ नंबरवाले मान हलवत होते. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. चढाला लावली, दोनशे मीटरवर पुन्हा बंद.

पुढे काय, हा पहिला पेच. एकेका टप्प्याने फडकं भिजवत वर चढायचं, की खाली परत जायचं? माथ्यावर अकरा गाड्या वाट बघत होत्या, आणि आठ नंबरवाल्यांना तिथे पोचायचं होतं. मलाही त्यांना पोचवायचं होतं. पण रविवार, मोटरसायकलींचा दिवस, आणि प्रत्येक वळणावर उभं राहणं म्हणजे शुक्रवारसारखाच प्रसंग ओढवून घेणं. मी खाली जायचं ठरवलं. टीडीला माथ्यावर पाठवलं, निरोप घेऊन. आठ नंबर पुढच्या रुंद जागेत वळवून उताराला लावली.

आणि उताराला ती अगदी नीट चालली. एक गचका नाही.

हिंडेलांगच्या पार्किंगमध्ये

खाली आल्यावर बायकोने वही उघडली. शुक्रवारी सकाळी ९:२०, बाडेन-बाडेनच्या चढावर आठ नंबर दोन मिनिटं मागे पडली होती. तेव्हा हवा गार होती, गाडी निघून वीस मिनिटंही झाली नव्हती. शनिवारी दिवसभर मोठा चढ नव्हता, काही नाही. आज चढाला बंद, उताराला नीट. तिने विचारलं, “वाफ असेल तर ती उताराला लागताच कुठे गेली? आणि शुक्रवारी सकाळी गारठ्यात कुठून आली?”

मग आठ नंबरवाले पहिल्यांदा बोलले. बाडेन-बाडेनलाच नाही, घरून निघायच्या आदल्या दिवशीही एका पुलाच्या चढावर गाडी तशीच गचकली होती. सांगितलं असतं तर सफरीला घेतलं नसतं, असं त्यांना वाटलं होतं.

पंपाला वर काचेची वाटी असते, तिच्यात पेट्रोल दिसतं. फडकं काढलं तेव्हा पंप हाताला थंड लागत होता, चाळीस मिनिटं झाली होती. मी पंपाचा हाताने चालवायचा दांडा हलवला. वाटीत पेट्रोल आलं आणि त्याबरोबर बुडबुडे. थंड पेट्रोलमध्ये, बारीक, एकामागे एक, थांबायचं नाव नाही. वाफ असती तर थंड झाल्यावर विरली असती. ही हवा होती. पंप टाकीकडून पेट्रोल ओढताना वाटेत कुठेतरी हवाही ओढत होता.

यामागचं कारण सोपं आहे. टाकी मागे, पंप पुढे. चढावर गाडीचं नाक वर, म्हणजे पेट्रोल उंच ओढायला लागतं, ओढ वाढते, आणि बारीकशा चिरेतूनही हवा आत येते. उतारावर पेट्रोल स्वतःच्या वजनाने पुढे येतं, ओढच लागत नाही. या गाडीत नळी टाकीच्या वरच्या अंगाने निघते, त्यामुळे चिरेतून पेट्रोल बाहेर ठिबकत नव्हतं. जमिनीवर डाग नाही, वास नाही. इंजिनकडच्या सगळ्या नळ्या मालकांनी तीन वर्षांपूर्वी बदलल्या होत्या. टाकीपाशी, डिकीतल्या फळीखाली, वीतभर लांबीचा एक रबरी तुकडा राहून गेला होता. वरून सुती विणीचं आवरण, ते शाबूत. मी तो तुकडा बोटांत वाकवला तेव्हा आवरणाखाली रबर फाटल्याचा बारीक आवाज आला, वाळलेलं पान चुरगळावं तसा. जुनं रबर हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने लवकर कडक होतं. जर्मनीत २०११ पासून दहा टक्के इथेनॉलचं ई१० पंपावर मिळतं, आणि पाच टक्क्यांचं पेट्रोल भरणारेही इथेनॉलपासून पूर्ण सुटत नाहीत.

आता पर्याय तीन. एक, एडीएसीला, म्हणजे रस्त्यात अडलेल्यांना मदत करणाऱ्या जर्मन मोटार क्लबला, फोन करून गाडी ट्रकवर चढवून घरी पाठवायची. दोन, फडकं भिजवत पुढे जायचं, कारण सपाटीवर ती चालतेच. तीन, तुकडा बदलायचा.

दुसरा पर्याय मी लगेच बाद केला. आज हवा आत जाते, उद्या चीर वाढली की पेट्रोल बाहेर येईल, आणि डिकीत पेट्रोल साचलेली गाडी घेऊन कुणीही रस्त्यावर जाऊ नये. पहिला पर्याय शहाणपणाचा होता. पण तो तुकडा हातात असताना, कारण डोळ्यांनी दिसत असताना, तिसरा करून बघावा असं वाटलं. माझ्या डिकीत ६ मिलिमीटरची नळी होती, इथे ८ ची हवी होती. रविवार, दुकानं बंद. पार्किंगला लागून असलेल्या गेस्टहाउसच्या बाईंनी आपल्या भावाला फोन लावला. आल्गॉय, म्हणजे हा सगळा डोंगराळ भाग, हा गाई-म्हशींचा नाही, गाईंचा आणि ट्रॅक्टरचा मुलूख आहे. फेंट ट्रॅक्टर याच भागातल्या मार्क्टओबरडॉर्फचे. भाऊ अर्ध्या तासात गोठ्याच्या कपड्यांतच आला, खिशात ८ मिलिमीटरची पेट्रोल-डिझेल दोन्हीला चालणारी नळी आणि दोन क्लिपा. इंजिन थंड, बॅटरीची वायर काढलेली, अग्निशामक बाटली हाताशी, आणि सिगारेट ओढणाऱ्या दोन बघ्यांना बायकोने हात जोडून लांब केलेलं. काम दहा मिनिटांचं. दांडा हलवला, वाटी भरली, बुडबुडा नाही. त्याने पैसे घेतले नाहीत. मेअर्सबुर्गहून आणलेली वाइनची बाटली मात्र घेतली.

शेवट काय झाला

साडेतीन वाजले होते. आठ नंबरवाल्यांना घाट चढायचा होता. मी नको म्हणालो. दुरुस्ती तात्पुरती, रस्त्यावर गर्दी, आणि दिवसभर उन्हात उभं राहिलेला ७४ वर्षांचा माणूस. आम्ही सॉन्टहोफेनला मागे येऊन केम्प्टनमार्गे फ्युसेनला गेलो. माथ्यावरचा फोटो अकरा गाड्यांचा आणि उशिरा पोचलेल्या टीडीचा. सोमवारी आठ नंबर स्वतःच्या चाकांवर घरी पोचली.

क्लबने गटांची पद्धत कायम केली. पुढच्या सफरीला अर्जाबरोबर एक कागद जोडला: टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या प्रत्येक रबरी तुकड्याची तारीख. तारीख माहीत नसेल तर तुकडा बदलायचा.

पुन्हा करायचं झालं तर

रांगेचा प्रश्न घरी, कागदावर सुटला असता. ५७५ मीटरचा हिशोब करायला पेन्सिल पुरते. आम्ही तो गवतात गेलेली गाडी बघितल्यावर केला.

माझी चूक निदानाची. उत्तर खोटं नव्हतं, गरमीत वाफ धरतेच, पण मला ते इतकं जवळचं होतं की मी दुसरं बघितलंच नाही. वही बायकोकडे शुक्रवारपासून होती. मी वळणावरच तिला विचारायला हवं होतं, ही गाडी याआधी कुठे थांबली? आता रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येक गाडीला एकच प्रश्न विचारतो, आज गाडी वेगळं काही वागली का, आणि उत्तर काहीही आलं तरी कुणाला वगळत नाही. ही दुसरी बाजू पहिल्याइतकीच गरजेची आहे. घरी पाठवतील या भीतीने माणूस लपवतो, आणि ही भीती घालवायची जबाबदारी सफर नेणाऱ्याची.

घाट नाकारण्याबद्दल मात्र माझं मन अजून एका बाजूला बसत नाही. खालच्या दोन वळणांपर्यंत चढून, दुरुस्ती टिकते का ते बघून, मग ठरवता आलं असतं. मी बघितलं नाही. मी दमलो होतो, आणि दमलेल्या माणसाने घेतलेला सावध निर्णय बरोबर असेलच असं नाही. नंतर कळलं की तो घाट आठ नंबरवाल्यांनी याच गाडीतून पत्नीबरोबर चढला होता, आणि तिच्या जाण्यानंतर या सफरीला ते त्यासाठीच आले होते.

सप्टेंबरात मी त्यांना फोन केला. मंगळवारी सकाळी सातला हिंडेलांगहून निघालो, दोनच गाड्या, ते पुढे, मी मागे. रस्त्यावर दुधाचा एक टँकर सोडला तर कुणी नव्हतं. प्रत्येक वळणानंतर त्यांच्या आरशात माझे दिवे दिसेपर्यंत ते वेग कमी करत होते. माथ्यावर त्यांनी गाडी लावली, बॉनेटकडे न जाता मागे आले, डिकी उघडली, फळी उचलली, नव्या नळीवरून बोटं फिरवली आणि ती नाकाशी नेली. वास नव्हता. मग त्यांनी फळी जागेवर ठेवली आणि थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतली.